विहीणबाईंचं त्वरण

हिंगोली जिल्ह्यातल्या रस्त्यांवर अशी एकही गाडी धावत नसेल, जिचं त्वरण आमच्या विहीणबाईंनी काढलेलं नाही. एसटी झाली, काळी-पिवळी जीप झाली, सोयाबीनची पोती नेणारा ट्रॅक्टर झाला, दुधाचा टेम्पो झाला. एकदा औंढ्याला नागनाथाचा रथ निघाला, तेव्हा सारं गाव हात जोडून उभं होतं आणि आमच्या विहीणबाई हातातल्या घड्याळाकडं बघत उभ्या होत्या. शेजारची बाई म्हणाली, "मॅडम, देवाचं तरी राहू द्या." तर विहीणबाई म्हणाल्या, "देवाला माहीतच आहे हो. मला माहीत नव्हतं."

विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीची सासू. एका हायस्कुलात विज्ञान शिकवता शिकवता त्यांचे केस पांढरे झाले आणि मग त्या निवृत्त झाल्या. शाळा सुटली पण धडा सुटला नाही, आणि धडा तरी एकच, गतीचा. बाकीचे धडे त्यांनी कसे शिकवले असतील देव जाणे, पण गाडी उभी होती, मग निघाली, मग तिनं वेग घेतला, एवढं कुणी नुसतं बोलता बोलता म्हटलं तरी त्यांचे डोळे चमकतात आणि त्या विचारतात, "किती सेकंदांत?" अंगावर कडक इस्त्रीचं पातळ, पायात पोरांसारखे पांढरे बूट, आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला काळ्या दोरीत अडकवलेलं ते घड्याळ, बटन दाबलं की चालू होणारं आणि परत दाबलं की थांबणारं. निरोपाच्या दिवशी शाळेतल्या पोरांनी दिलेलं. लग्नाकार्यात बायका एकमेकींचे दागिने बघतात तेव्हा कुणी तरी ते घड्याळ हातात घेऊन विचारतंच, "मॅडम, ह्यो कोणता डाग म्हणायचा?" आणि त्या सांगतात, "हा रोज घालायचा डाग आहे. सणाला वेगळा नाही."

एसटीत त्या कधी मागं बसत नाहीत. ड्रायव्हरच्या मागची, जिथून वेगाचा काटा दिसतो ती जागा त्यांची. तिथं कुणी बसलेलं असलं तर त्या भांडत नाहीत, नुसत्या बाजूला उभ्या राहून काट्याकडं असं बघतात की बसलेला माणूस आपोआप उठतो. हिंगोली-औंढा रस्त्यावरचे ड्रायव्हर त्यांना ओळखतात. कोणी हसून विचारतो, "मॅडम, आज किती?" कोणी त्यांना बघितलं की हात जोडतो. एक तरुण ड्रायव्हर तर एकदा गाडी सुरू करायच्या आधी मागं वळून म्हणाला होता, "मॅडम, तुमी जरा त्या तिकडच्या शिटावर बसा. तुमी मागं असल्या की माझा पाय क्लचवर थरथरून राहिला. मला परीक्षेला बसल्यावानी वाटतंय." विहीणबाई म्हणाल्या, "परीक्षाच आहे. पण नापास कुणालाच करत नाही मी." आणि खरंच, त्यांच्या लेखी वाईट ड्रायव्हर नसतोच. कमी त्वरणाचा असतो आणि जास्त त्वरणाचा असतो.

आमचे व्याही शांत माणूस. त्यांचं बोलणं कमी आणि स्कूटर जुनी. विहीणबाई मागं बसून "निघा" म्हणतात, घड्याळ दाबतात, आणि मागून त्यांच्या खांद्यावरून काट्याकडं डोकावत राहतात. भाजी आणायला निघालेली माणसं, पण मंडईपर्यंत जाताना तीनदा थांबून तीनदा निघतात, कारण एकदा काढलेलं उत्तर विहीणबाईंना पुरत नाही. व्याही एकदा आमच्या घरच्यांना म्हणाले, "लग्न झालं तेव्हा मला वाटलं आपण नवरा झालो. पुढं कळलं, आपण वाहन आहोत." हे त्यांनी तक्रारीनं सांगितलं नाही. थोड्या अभिमानानंच सांगितलं, कारण पुढं म्हणाले, "आमचं त्वरण मात्र सगळ्यात समान येतं म्हणते."

हे लोक माझ्या लेकीला बघायला आले तो दिवस मला आठवतो. आमचं गाव सेनगावच्या अलीकडं, फाट्यावरून आत. पोहे झाले, चहा आला. लेक पदर सावरून खाली बघत बसली. आता विचारतील, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, म्हणून मी दाराआड उभी राहून ऐकत होते. मला चार माणसांत यायची लाज वाटते, दाराआडून मात्र सगळं ऐकू येतं. विहीणबाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "उभी असलेली जीप निघाली आणि दहा सेकंदांत तिनं ताशी छत्तीस किलोमीटरचा वेग घेतला. त्वरण किती?" आमच्या घरच्यांना वाटलं, हुंड्याऐवजी जीप मागतायत का काय. माझी लेक बारावी शास्त्र झालेली. तिनं मान वर केली आणि विचारलं, "समान त्वरण धरायचं, की आपल्या फाट्याच्या रस्त्याचं?"

विहीणबाई एवढ्या हसल्या की बशीतला चहा पातळावर सांडला. पातळ पुसायचं सोडून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "बघितलं? पंचवीस पोरांतलं एक पोरगं असं विचारतं." उत्तर त्यांनी नंतरही विचारलं नाही. पोरगी पसंत झाली. आमच्या गावात अजून सांगतात की अमुकची लेक खड्ड्यांमुळं खपली.

लग्नात तर गंमतच झाली. वरमाय एकदा रुसते, तिची समजूत काढायची, ही आपल्याकडची रीतच आहे. त्यामुळं वरातीच्या वेळेला विहीणबाई तोंड फिरवून मांडवाच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या तेव्हा आम्ही तयारीतच होतो. माझ्या जावेनं जरीचं पातळ नेलं. विहीणबाईंनी मान हलवली. नारळ, खण, फेण्यांचं ताट गेलं. मान हलली. मग माझी सासू स्वतः गेली आणि म्हणाली, "ईनबाई, आमचं काय चुकलं ते तोंडानं सांगा. आमी गरीब माणसं, पण मानात कमी करणार न्हाई." विहीणबाई जरा घुटमळल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला नवरदेवाच्या जीपमध्ये पुढं, ड्रायव्हरच्या बाजूला बसायचंय." पुढं नवरदेवाचे मामा बसले होते, फेटा बांधून, काचेतून फोटो येईल अशा बेतानं. त्यांना उठवायला अर्धं गाव लागलं. शेवटी वरमाय पुढं आणि मामा मागं, नवरानवरीच्या मध्ये, अशी वरात निघाली. पुढं बँड, बँडच्या पुढं नाचणारी पोरं, आणि जीप मुंगीसारखी चाललेली. वेशीपर्यंत विहीणबाई काट्याकडं बघत राहिल्या. उतरल्यावर मी धीर करून विचारलं, "आलं का काही?" तर समाधानानं म्हणाल्या, "शून्य. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच वेग. इतकी शुद्ध समान गती मला शाळेच्या प्रयोगशाळेत मिळाली नव्हती."

आता मला गाडीचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मला गाडी लागते. लहानपणापासून. आमच्या माहेरच्या गावी शाळा चौथीपर्यंत होती, पाचवीला एसटीनं दुसऱ्या गावी जावं लागायचं. पहिल्याच आठवड्यात मी कंडक्टरच्या अंगावर, मग शाळेतल्या बाईंच्या पोरीच्या दप्तरावर, मग परत कंडक्टरच्या अंगावर ओकले आणि माझी शाळा तिथं संपली. तेव्हापासून लिंबू हुंगलं, आलं चघळलं, शिटावर वर्तमानपत्र टाकून बसले, कुणी सांगितलं म्हणून बेंबीवर चुना लावला. काही चाललं नाही. बायांना एसटीचं तिकीट अर्धं झालं तेव्हा आमच्या गावच्या साऱ्या बाया देवदर्शनाला फिरून आल्या, ज्यांना देवाचं नाव नको त्याही. मी एकटी घरी. लेकीचं लग्न आमच्याच दारात झालं म्हणून मला दिसलं. तिचं औंढ्याचं घर, तिची चूल, तिची खिडकी मी फोनमध्येच बघितली होती.

मग लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी डिंक, खारीक, मऊ लुगड्यांची दुपटी अशी तयारी केली. आणि सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हिला प्रवास नको, एक धक्कासुद्धा नको, आहे तिथंच बाळंत होऊ द्या. म्हणजे आता लेक इकडं येणार नव्हती, मला तिकडं जायला पाहिजे होतं. लेक फोनवर म्हणाली, "आई, तू नको काळजी करू. सासूबाई हायेत ना." पण शेवटचं "ना" जरा ओलं होतं. मी फोन ठेवला आणि चुलीपुढं बसून राहिले. आपली लेक पहिल्यांदा बाळंत होणार आणि आपण तिच्याजवळ नसणार, कारण काय, तर गाडी लागते. हे कुणाला सांगायचीही लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात विहीणबाई उभ्या. स्कुटी हिंगोलीहून कुणाची तरी मागून आणलेली, पांढऱ्या बुटांवर फाट्याची सगळी धूळ. पाणीसुद्धा न घेता ओसरीवर बसल्या आणि डॉक्टरसारखं विचारायला लागल्या.

"बैलगाडीत लागते का?"

"न्हाई."

"काहून न्हाई?" त्या आमच्याशी बोलताना मधूनच आमच्यासारखं बोलतात.

"बैल काही एकदम पळत न्हाई अन् एकदम थांबत न्हाई."

"बरं. एसटीत बसल्या बसल्या लगेच लागते?"

"सरळ चालली तर जरा बरं असतंय. थांबली, निघाली, पुन्हा थांबली की पोटातलं वर येतंय."

विहीणबाईंनी मांडीवर थाप मारली. "झालं. उत्तर तुम्हीच दिलं. तुम्हाला गाडी लागत नाही, विहीणबाई. तुम्हाला त्वरण लागतं."

आमचे घरचे दारात उभे होते. त्यांनी काळजीनं विचारलं, "मग त्यावर गोळी कोणती?"

"वजाबाकी आणि भागाकार," विहीणबाई म्हणाल्या. "चौथीपर्यंत शिकल्यात ना त्या? मग सगळं औषध घरातच आहे."

त्यांनी चुलीतला कोळसा मागून घेतला आणि ओसरीच्या फरशीवर हिशेब मांडायला सुरुवात केली. शेवटचा वेग लिहायचा. त्यातून सुरुवातीचा वेग वजा करायचा. जे राहील त्याला लागलेल्या सेकंदांनी भागायचं. म्हणजे दर सेकंदाला वेग कितीनं वाढला ते आलं. तेच त्वरण. गाडी उभी होती, म्हणजे शून्य. दहा सेकंदांत चाळीसवर गेली. चाळीस भागिले दहा, चार. पोरांना शिकवताना त्यात आणखी पाच-अठराचं काही तरी करतात म्हणे, मीटर करायला, पण त्या म्हणाल्या, "ते तुम्हाला नको. तुमचं पोट किलोमीटरमध्येच बिघडतं." मी भीत भीत दोन-तीन हिशेब केले आणि ते बराबर आले. इतक्या वर्षांनी कुणी तरी माझ्या उत्तरापुढं बरोबरची खूण केली, कोळशाची का होईना.

मग त्या म्हणाल्या, "आता गाडी चाळीसनं चाललीये आणि दहा सेकंदांत थांबली. शेवटचा वेग शून्य. करा वजा."

मी म्हणाले, "शून्यातून चाळीस जात न्हाईत."

"जातात."

"आमच्या गुरुजींनी सांगितलं व्हतं, लहान्यातून मोठं जात न्हाई. शेजारून उसना घ्यावा लागतो. इथं शेजारी कुणीच न्हाई."

विहीणबाईंनी कोळसा खाली ठेवला. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गुरुजींनी चौथीपुरतं खरंच सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्गात जातात. त्याला उणे म्हणायचं. उणे चार. म्हणजे वेग कमी होतोय." पाचवीत गेले असते तर पुढं कधी तरी हे मला कळलंच असतं. त्या दिवशी भाकरी थापताना मी तो शब्द दोन-तीनदा नुसता म्हणून बघितला. उणे.

संध्याकाळी सराव. मी स्कुटीवर मागं, पदर कमरेला खोचलेला, एका हातानं विहीणबाईंचा खांदा धरलेला. त्यांचा हुकूम असा की खाली बघायचं नाही, बाजूला बघायचं नाही. समोर रस्ता आणि काटा, दोनच बघायचे आणि काट्यावरचा आकडा मोठ्यानं म्हणायचा. "दहा... पंधरा... वीस..." हे मी एवढ्या हळू म्हणत होते की त्यांनी स्कुटी थांबवली. "विहीणबाई, मला ऐकू येत नाही. आणि ज्याला आकडा मोठ्यानं म्हणायचा असतो त्याला ओकायला वेळ मिळत नाही, ही त्यातली मेख आहे." हापशावरच्या बाया घागरी ठेवून बघत होत्या. आम्ही तिसऱ्यांदा तिथून गेलो तेव्हा एक म्हणाली, "आगं माय, ईन ईनीला पळवून न्हेऊन राहिली." दुसरी म्हणाली, "न्हेऊ दे. पर आकडे काहून मोजून राहिली ती? सौद्याचा बयाना दिलाय का काय?" मी लाजेनं मेले असते, पण तेवढ्यात काटा तीसवर गेला आणि मला तीस म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. स्कुटी परत पोचवायचं काम आमच्या घरच्यांकडं दिलं. फाट्यावर काळी-पिवळी उभी होती. विहीणबाईंनी मला पुढं, ड्रायव्हरच्या बाजूला बसवलं, स्वतः माझ्या पलीकडं खिडकीशी. मांडीवर माझं गाठोडं, डिंकाच्या लाडवांचं. पदराच्या गाठीला लिंबू, कारण विज्ञान विज्ञानाच्या जागी. जीप सुरू झाली. मी काट्यावर नजर लावली आणि म्हणाले, "शून्य." जीप पळायला लागली. "शून्य." झाडं मागं जायला लागली. "ईनबाई, अजून शून्यच हाय."

विहीणबाईंनी पुढं वाकून बघितलं. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, ह्यो काटा माझ्या बापानं गाडी घेतली तवापासून झोपेल हाय."

मी विहीणबाईंना लेकाच्या लग्नात थकलेलं बघितलंय, आजारात बघितलंय, पण तेव्हासारखा त्यांचा चेहरा मी कधी बघितलेला नाही. जिल्ह्यातल्या साऱ्या गाड्यांचं गणित केलेली बाई, आणि इतक्या तयारीनं आणलेली विहीण मेलेल्या काट्यापुढं बसवली. आणि माझ्या पोटात कालवायला सुरुवात झाली होती. तोंडाला पाणी सुटलं. मी पदराची गाठ चाचपली. लेक डोळ्यांपुढं आली. आता पहिल्या गावापर्यंतही मी टिकत नाही, तिथं उतरायचं आणि पायी परत यायचं, हे मी मनात ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात विहीणबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "काटा मेला तर मरू द्या. तुमची पाठ जिवंत आहे ना? गाडी वेग घ्यायला लागली की पाठ शिटावर दाबली जाते. तेव्हा अधिक म्हणा. ब्रेक लागला की अंग पुढं जातं. तेव्हा उणे. काहीच वाटलं नाही की शून्य. समोर बघा आणि सांगत राहा."

मी समोर बघितलं. पाठ दाबली गेली. "अधिक," मी म्हणाले. मग रस्ता सरळ झाला. "शून्य." पुढं बकऱ्या आडव्या आल्या, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. "उणे." मागच्या शिटांवर पागोटंवाले एक आजोबा, भाजीची टोपली घेतलेली एक बाई आणि कॉलेजच्या तीन पोरी होत्या. आधी त्या पोरी खिदळल्या. मग आजोबांनी विचारलं, "ह्या बाई काय मंत्र म्हणून राहिल्या?" विहीणबाईंनी मागं वळून सगळं समजावून सांगितलं, आणि पाच मिनिटांत सारी जीप माझ्या जोडीला म्हणायला लागली. आजोबा तर पुढचं सांगायचे. "आता उणे येतंय बघा, म्होरं गतिरोधक हाय." भाजीवाली म्हणाली, "माझ्या टोपलीला आधीच कळतंय, वांगी म्होरं सरकली." ड्रायव्हरला चेव आला. तो ब्रेक असा दाबायला लागला, जसा कुणी झोपलेल्या लेकराच्या अंगावरून हात काढून घेतो. प्रत्येक वेळी विचारायचा, "मॅडम, ह्ये कितीचं झालं असंल?" हिंगोली आली. मी खाली उतरले, पायांवर उभी राहिले आणि माझ्या ध्यानात आलं की लिंबू गाठीतच आहे. मला हिशेबानं बरं केलं की ड्रायव्हरच्या नव्या पायानं, हे मी अजून विहीणबाईंना विचारते. त्या म्हणतात, दोन्ही.

हिंगोलीहून औंढ्याची एसटी. इथं ओळखीचा ड्रायव्हर, चालू काटा, विहीणबाईंची नेहमीची जागा. मी आकडे सांगायला लागले आणि त्या घड्याळ बघून ते तळहातावर पेनानं मांडायला लागल्या. खूप दिवसांनी त्यांना काटा वाचायला माणूस मिळालं होतं, त्यामुळं त्या अगदी रंगात आल्या होत्या. औंढ्याच्या अलीकडं वळणं लागली. मी म्हणाले, "तीस... बावीस... उणे झालं... पुन्हा अधिक." तळहातावर काही मांडल्याचं दिसेना. "ईनबाई?" उत्तर नाही. मी वळून बघितलं. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, रंग कच्च्या दोडक्यासारखा. ती गप्प बसायची तऱ्हा माझ्या जन्माच्या ओळखीची होती. वळणावळणाच्या रस्त्यावर खाली मान घालून हिशेब केला तर दुसरं काय होणार.

मी गाठ सोडून लिंबू त्यांच्या हातात दिलं. "खाली बघू नका. म्होरं बघा. काटा बघा अन् मोठ्यानं सांगा, किती हाय."

त्यांनी गुणी पोरीसारखं वर बघितलं. "अठ्ठावीस," त्या म्हणाल्या. "तीस." आणखी दोन वळणं त्या टिकल्या. तिसऱ्या वळणाला मात्र मी स्वतःसाठी आणलेली पिशवी त्यांच्या कामाला आली. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि हलकेच म्हणाल्या, "आमच्या ह्यांना सांगू नका." मी अजूनपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. इथं लिहिलं, ते कोण वाचतंय.

लेक दारात उभी होती. मी येणार म्हणून तिनं साखर-मिठाचं पाणी करून ठेवलं होतं, खाट घातली होती, बादलीसुद्धा ठेवली होती. मी ताठ चालत आत आले आणि माझ्या मागून विहीणबाई भिंतीला धरून. लेक माझ्याकडं बघायची, तिच्या सासूकडं बघायची. "आई, तू चालत आलीस? अन् ह्यांना काय झालं?" विहीणबाई खाटेवर आडव्या होत म्हणाल्या, "काही नाही गं. जरा उणे झालं." साखर-मिठाचं पाणी मी त्यांना पाजलं. लेक माझ्या गळ्यात पडली तेव्हा तिचं पोट मध्ये आलं आणि आम्ही दोघी हसायला लागलो. बाळंत होईपर्यंत मी तिथंच राहिले.

लेकीला दवाखान्यात नेलं त्या दुपारी मला वाटलं होतं की विहीणबाई आता घड्याळ काढून कळा मोजतील. व्याहीही तसंच म्हणाले. पण लेकीला आत नेलं आणि विहीणबाईंनी गळ्यातलं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "हे तुमच्याजवळ ठेवा," म्हणाल्या. आम्ही दोघी बाकावर शेजारी शेजारी बसून राहिलो आणि दोघींपैकी कुणीच काही मोजलं नाही. नात झाली. नातवंड होईस्तोवर लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणून मी शेजारच्या घरी जेवत होते. विहीणबाईंना ती रीत पटत नव्हती, पण त्या एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. आता त्याच पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, माझ्यापुढं धरला आणि म्हणाल्या, "आता प्या."

आता मी एकटी औंढ्याला जाते. अर्धं तिकीट काढते, ड्रायव्हरच्या मागं बसते. ड्रायव्हर म्हणतात, "आज लहान्या मॅडम आल्या वाटतं." मला लाज वाटते, पण बरंही वाटतं. नात रांगायला लागली तेव्हा विहीणबाईंनी तिचंही काढलं. "समान नाही, पण त्वरण भरपूर आहे," असा निकाल दिला.

वर एसटीचं, स्कूटरचं मी आत्ताचं असल्यासारखं सांगितलं, पण गेल्या वर्षी विहीणबाईंचे गुडघे गेले. एसटीची पायरी चढवत नाही. स्कूटरवर पाय टाकता येत नाही, त्यामुळं व्याह्यांची स्कूटर आता मंडईला एकदाच निघून एकदाच थांबते, आणि व्याही म्हणतात की त्यात काही मजा राहिली नाही. मी येणार असले की दोघं नवरा-बायको नातीला घेऊन स्टँडच्या बाकावर येऊन बसतात. मी उतरले की आधी आकडे सांगायचे, वळणांवर किती, हिंगोलीहून निघताना किती, मग चहा.

आणि परतताना त्या मला गाडीत बसवायला तिथंच बाकावर असतात. गाडी सुरू झाली की गळ्यातलं घड्याळ हातात घेऊन दाबतात. मी काटा बघते आणि खिडकीतून बोटांनी आकडा दाखवते. एक बोट दहाचं, दोन विसाची. त्या मान डोलावतात. पाठ शिटावर दाबली जाते. पांढरे बूट, पांढरे केस, मांडीवरची नात, सगळं लहान होत जातं. मग वळण येतं आणि स्टँड दिसेनासा होतो. पुढं रस्ता सरळ आहे, गाडी एका वेगाला लागते, काटा हलत नाही. विहीणबाईंनी शिकवलंय की असं झालं म्हणजे शून्य, आता माणसाला काही जाणवत नाही. त्यांचं तेवढं एक गणित चुकलेलं आहे. मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.